खिळ्यावरची माळ

व्यसनमुक्तीवर भाषण करता करता मध्येच थांबून नाकात तपकीर कोंबणारा वक्ता मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे पुंडलीकमामा. "तंबाखू हे विष आहे," असे म्हणून ते कोटाच्या खिशातून पितळी डबी काढायचे, झाकणावर टिचक्या मारायचे, चिमूट ओढायचे, डोळ्यांत पाणी आणायचे आणि मग "हां, तर विष," म्हणून पुढचे वाक्य धरायचे. नव्या माणसाला वाटे, विषाच्या नुसत्या आठवणीने बिचाऱ्याचे डोळे भरून आले. जुनी माणसे मात्र आपापले रुमाल नाकाशी नेत, कारण मामांची शिंक पहिल्या दोन रांगांना पोचायची.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. मी साताऱ्याची, लग्न होऊन म्हैसूरला आले. इथले आमचे लोक कैक पिढ्यांपूर्वी येऊन राहिलेले, शिवणकाम करणारे, विठ्ठलाचे भक्त. घरात मराठी बोलतात, पण त्यात निम्मे कन्नड. पहिल्याच दिवशी मामा मला म्हणाले, "सुम्ने का बसलीस गं? स्वल्प कॉफी घे की!" सुम्ने म्हणजे उगीच आणि स्वल्प म्हणजे थोडी, हे मला नवऱ्याने सांगेपर्यंत कॉफी गार झाली होती. मामांनी ती परत गरम करून आणली आणि मी ती पूर्ण पिईपर्यंत समोर उभे राहिले.

त्यांचे दुकान देवराज मोहल्ल्यात. शाळांचे गणवेश आणि दसऱ्याला बँडवाल्यांचे कोट हा मुख्य धंदा. गळ्यात माप घ्यायची टेप चोवीस तास. लग्नाला गेले तरी टेप, फोटोच्या वेळी मामी ती ओढून काढून आपल्या पिशवीत टाकायच्या. मला नवल वाटायचे ते निराळ्याच गोष्टीचे. मामांच्या वयाच्या आमच्या प्रत्येक पुरुषाच्या गळ्यात तुळशीची माळ असे, मामांच्या गळ्यात नव्हती. माळ घातली की दारू, तंबाखू, मटण सगळे बंद. ज्याला जमत नाही तो घालत नाही. माळ गळ्यात ठेवून दारूच्या दुकानाची पायरी चढणे हे आमच्यात चोरी करण्यापेक्षा वाईट. मी एकदा मामांना विचारलेच. ते म्हणाले, "नाकात तपकीर आणि गळ्यात तुळस? बेड कणम्मा. नको. विठोबाला शिंका येतील."

असा हा माणूस आमच्या व्यसनमुक्ती मंडळाचा प्राण होता.

मंडळ निघाले त्याचे कारण हसण्यासारखे नव्हते. त्या काळी सारायी, म्हणजे हातभट्टीच्या चवीची सरकारी दारू, प्लॅस्टिकच्या पाकिटांत मिळायची. कामावरून सुटलेली पोरे कोपरा दातांनी फाडून ती उभ्या उभ्या पिऊन घरी येत. मामांच्या हाताखाली तयार झालेला एक कारागीर, ऐन उमेदीतला, त्यातच गेला. त्याचे दिवस होईपर्यंत मामा कोणाशी बोलले नाहीत. नंतर देवळात सगळ्यांना बोलावून म्हणाले, "मेलेल्याला सांगून उपयोग नाही. जी पोरं अजून प्यायला शिकली नाहीत त्यांना पकडू या, अल्वा? होय ना?" सगळ्यांनी होय म्हटले. एक निवृत्त हेडमास्तर अध्यक्ष झाले, कारण त्यांना न अडखळता भाषण करता येई. मी कार्यवाह झाले, कारण माझ्या ऑफिसात टाईपरायटर होता. मामांनी पद घेतले नाही. सगळे काम घेतले.

पहिला कार्यक्रम म्हणजे प्रदर्शन. मामांचे म्हणणे असे की पोरांना शत्रू ओळखू आला पाहिजे. म्हणून त्यांनी स्वतः हिंडून विड्या, सिगारेटी, जर्दा, गुटख्याच्या पुड्या, सारायीची पाकिटे असे सगळे गोळा केले आणि देवळाच्या ओसरीवर टेबल मांडून, प्रत्येकापुढे नावाची चिठ्ठी लावून नीट रचले. कुठली वस्तू कुठल्या गल्लीत मिळते, हेही पोरांनी तिथे जाऊ नये म्हणून चिठ्ठीवर लिहिले होते. गर्दी इतकी उसळली की हेडमास्तरांना गहिवरून आले. दुपारी जेवण करून आम्ही परत आलो तर चिठ्ठ्या होत्या तशा होत्या. टेबल मोकळे होते.

मामा जराही खचले नाहीत. रिकाम्या टेबलाकडे बघत त्यांनी डबी काढली. "नोडम्मा," मला म्हणाले, "बघ. सांगून काय होत नाही. ह्यांना काहीतरी गळ्यात बांधायला पाहिजे."

तेव्हा माळेची कल्पना निघाली. तरुण पोरे सहजासहजी माळ घालणार नाहीत हे मामांना माहीत होते, म्हणून त्यांनी जाहीर केले की एकादशीला जो माळ घालेल त्याला दुकानातून एक पँट फुकट शिवून मिळेल, त्याला हवी त्या फॅशनची. एकादशीला देवळात उभे राहायला जागा नव्हती. ज्यांच्या घरी आई हात जोडून सांगत होती तरी ऐकले नाही, ती पोरे बेलबॉटमसाठी माना वाकवून उभी होती. रांगेत पहिला मामांचा मुलगा केशव. तो हेब्बाळच्या एका कारखान्यात नुकताच लागला होता. देवळातल्या कीर्तनकार महाराजांनी त्याच्या गळ्यात माळ घातली तेव्हा मामांनी पलीकडे तोंड करून एकामागून एक चिमटी ओढल्या. डोळ्यांत पाणी तपकिरीचे, असे दाखवायची ती सोय होती. हे मला तेव्हा कळले.

पँटी शिवून झाल्या. पँटीच्या घड्या मोडायच्या आत पोरांना तहान लागू लागली. आणि इथे अडचण उभी राहिली. दारू प्यायला कोणाची हरकत नव्हती, पण माळ घालून प्यायची कोणाची छाती नव्हती. काढावी तर ठेवावी कुठे? खिशात विडी आहे, तिथे चालत नाही. जमिनीवर ठेवता येत नाही. घरी काढली तर आई विचारते. शेवटी रमेश नावाच्या एका शहाण्याने मार्ग काढला. मामा जेवायला गेले असताना तो दुकानात आला आणि तयार पँटी टांगायच्या खिळ्यावर त्याने आपली माळ अडकवली. दुकानात पांडुरंगाचा फोटो होता, तेव्हा जागा सोवळ्यातली. दुसऱ्या दिवशी तो माळ न्यायला आला तर मामा खिळ्याखालीच बसलेले.

"कोणाची रे ही?"

रमेशने मान खाली घातली.

"आंघोळ केलीस?"

"नाही मामा."

"मग जा, करून ये. मग घालतो."

एवढेच. ओरडले नाहीत, बापाला सांगितले नाही. रमेश आंघोळ करून ओल्या केसांनी आला, तेव्हा मामांनी स्वतःच्या हाताने माळ त्याच्या गळ्यात घातली. मग गळ्यातली टेप काढून त्याच्या कमरेचे माप घेतले आणि म्हणाले, "स्वल्प बारीक झालास. पँट आवळून देतो, उद्या ये." रमेश नंतर आम्हाला सांगत होता की थोबाडीत मारली असती तर बरे झाले असते.

त्या संध्याकाळी मामांनी सुताराला बोलावून भिंतीत खिळ्यांची एक रांग ठोकून घेतली. ज्याला प्यायची असेल त्याने इथे येऊन, मामांच्या देखत माळ काढून खिळ्यावर ठेवायची आणि सकाळी आंघोळ करून घेऊन जायची, असा नियम झाला. आमच्या लोकांत हलकल्लोळ उडाला. हेडमास्तरांनी तातडीची सभा बोलावली.

"माळ अशी काढघाल करायची वस्तू आहे का?" हेडमास्तर म्हणाले. "घातली की घातली! तुम्ही तर प्यायचा परवानाच दिलात!"

"हौदु, हेडमास्तर, होय, दिला," मामा म्हणाले. "नाहीतर पोरं काय करणार? माळ तोडून गटारात टाकणार, मत्ते, मग काय, सुटले. परत यायची वाटच बंद. खिळ्यावर आहे म्हणजे परत येणार आहे."

"आणि नाही आला तर?"

"मी बसलोय की तिथं. मला कुठं जायचंय?"

सभा चिडून उठली आणि खिळे राहिले. खरे सांगायचे तर परिणाम पाहून मीच चक्रावले. दारूचे दुकान वाटेवर होते, मामांचे दुकान आडवाटेला. प्यायची तर आधी मोहल्ल्यात यायचे, मामांसमोर उभे राहायचे, ते काही न बोलता काजे करत बसलेले असताना हात वर करून माळ काढायची. त्यापेक्षा सरळ घरी जाऊन भात खाल्लेला परवडला, असे पोरांना वाटू लागले. खिळे हळूहळू मोकळे दिसू लागले. फक्त शिलाई मशीनच्या जवळचा, अगदी शेवटचा खिळा कधी फार दिवस मोकळा नसे. तो केशवचा होता.

मंडळाला अनुदान द्यावे की नाही हे बघायला सरकारी खात्याचे एक साहेब यायचे ठरले. नेमका दसऱ्याच्या बोनसचा आठवडा, त्यामुळे खिळे भरलेले. हेडमास्तरांनी सकाळी येऊन मामांना सांगितले, "हे आधी काढा. साहेब बघतील तर काय म्हणतील?" मामा म्हणाले, "खरं म्हणतील," आणि बाहेर कॉफी सांगायला गेले. तेवढ्यात जीप आल्याचा आवाज झाला. हेडमास्तरांनी घाईघाईने सगळ्या माळा काढल्या. पण आता ठेवणार कुठे? खिशात चालत नाही, टेबलावर चिंध्या आणि खडू, जमिनीचा प्रश्नच नाही. बिचारे हेडमास्तर गोंधळून गरगर फिरले आणि शेवटी सगळ्याच्या सगळ्या माळा स्वतःच्या गळ्यात घालून उभे राहिले.

साहेब आत आले. समोर पांढरे धोतर, पिकल्या मिशा आणि हनुवटीपर्यंत तुळशीच्या माळा. साहेबांनी चपला काढल्या आणि हेडमास्तरांचे पाय धरले. मग अर्धा तास ते त्यांच्यापाशी बसून आपल्या मेव्हण्याच्या दारूबद्दल बोलत राहिले. मामा कॉफी घेऊन आले, त्यांनी हा सगळा देखावा पाहिला आणि हसू आवरायला तपकीर ओढली. अनुदान मंजूर झाले. कागदात लिहिले होते की एका थोर सत्पुरुषाच्या मार्गदर्शनाखाली कार्य उत्तम चालले आहे. ते मी फाईलला लावले.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी. धांदलीत हेडमास्तर माळांसकट आपल्या घरी गेले होते. आंघोळी करून आलेल्या पोरांना मामांनी तिकडे धाडले. एकेक पोरगा ओल्या केसांनी हेडमास्तरांच्या दारात उभा राहू लागला आणि हेडमास्तर एकेकाला ओळखून संतापू लागले. शेवटी एक माळ उरली. ती न्यायला आतल्या खोलीतून त्यांचा स्वतःचा पुतण्या बाहेर आला. त्यानंतर सभेत खिळ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

हे सगळे आम्ही हसत हसत एकमेकांना सांगायचो, पण मामा शेवटच्या खिळ्याकडे बघत तेव्हा मला हसू येत नसे. दुनियेच्या पोरांना हा माणूस परत आणत होता आणि घरचा पोरगा हातातून निसटत होता. केशव नियम पाळायचा, हेच वाईट होते. आता तर रोज कंपनीच्या बसमधून उतरून यायचा, बापासमोर माळ काढायचा, सकाळी आंघोळ करून बापासमोर मान वाकवायचा. मामा त्याच्या कमरेचे माप घेईनासे झाले होते. माप बघायची त्यांना भीती वाटत होती. मामी मला म्हणाल्या, "रात्री उठून त्याच्या खोलीच्या दाराला कान लावतात गं. श्वास ऐकतात."

एका रविवारी आम्ही अनुदानाच्या पैशातून घ्यायच्या फळ्याचे बोलत होतो, तेव्हा केशव माळ न्यायला आला. मामांनी माळ हातात घेतली, पण घातली नाही. पहिल्यांदाच ते त्याला काही बोलले.

"केशवा, किती दिवस हे?"

केशव मामांच्या कोटाच्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाला, "अप्पा, तुम्ही ती डबी सोडा. तुम्ही सोडा, मी सोडतो."

हे तो उर्मटपणे म्हणाला असता तर सोपे झाले असते. तो रडवेला होऊन म्हणाला. मामांनी डबी काढली, झाकणावर सवयीने टिचक्या मारल्या, उघडली नाही. उठून दुकानाबाहेर गेले आणि डबी गटारात टाकून आले. पुढच्या एकादशीला, साठी उलटल्यावर, पुंडलीकमामांनी माळ घातली. टेप आणि माळ एकाच गळ्यात पाहून मामी देवळातच रडल्या.

तपकिरीवाचूनचे मामा म्हणजे एक प्रकरणच होते. त्यांचे डोके दुखायचे, हात थरथरायचे, मध्येच नाक ओढून रिकाम्या खिशात हात घालायचे. एका बँकेच्या मॅनेजरसाहेबांची पँट त्यांनी एक पाय लांब, एक पाय आखूड अशी शिवली आणि साहेबांनी तक्रार केली तेव्हा म्हणाले, "तुम्हीच वाकडे उभे राहताय." एका शाळेच्या सगळ्या शर्टांना त्यांनी काजे केली आणि बटणेही काजांच्याच बाजूला लावली. भाषण करणे सोडले, कारण "तंबाखू हे विष आहे" म्हणून थांबले की पुढचे वाक्य आठवायचेच नाही. पण शेवटचा खिळा मोकळा होता. केशव संध्याकाळी बसमधून उतरून दुकानात यायचा आणि बापाशेजारी बसून बटणे लावायचा.

मग एका सकाळी मी दुकानात गेले तर शेवटच्या खिळ्यावर माळ. मामा मशीनवर बसले होते, त्यांचे डोळे लाल होते आणि नाकाखाली तपकिरी डाग होता. त्यांच्या गळ्यात नुसती टेप होती.

"माझी आहे," ते म्हणाले.

मला रागच आला. "मामा, शर्टाच्या आत ठेवून एक चिमूट ओढली असती तर कोणाला कळलं असतं? केशव येऊन हे बघेल. तुम्हीच मोडलंत तर तो कशाला थांबेल?"

"हौदु," मामा म्हणाले. "पण मग ह्या सगळ्या पोरांना मी इथं येऊन काढायला का लावलं?"

केशवने संध्याकाळी ती माळ पाहिली. त्याने आपली माळ काढून बापाच्या माळेशेजारी टांगली आणि गेला. त्या रात्री मामांना जेवण गेले नाही, असे मामींनी नंतर सांगितले. सकाळी बापलेक दोघे आंघोळ करून दुकानात आले, पण एकमेकांना माळ घालायची कोणी म्हणून तसेच उभे राहिले. शेवटी मामींनी पोळ्या टाकायच्या सोडून घरून येऊन दोघांच्या गळ्यात घातल्या आणि दोघांनाही ऐकवले.

पुढे काय झाले ते मला तुकड्यातुकड्यांनीच कळले. आमची बदली झाली, बरीच वर्षे आम्ही बाहेर होतो. परत आलो ते म्हैसूरच्या कडेला, बोगादीला घर घेऊन. मधल्या काळात सारायी बंद झाली होती आणि तिच्या जागी बाकी सगळे सुरू झाले होते. मंडळाच्या नव्या पोरांचे फोनवर काहीतरी चालत होते, मला त्यातले फारसे समजले नाही. मामी गेल्या होत्या. दुकान उरले आहे, एवढे कळल्यावर मी एका सकाळी देवराज मोहल्ल्यात गेले.

खिळ्यांची रांग तशीच होती, रंग देताना खिळे न काढता भोवतीनेच दिलेला. सगळे मोकळे. शेवटच्यावर एक माळ. मामा खुर्चीत बसले होते, खूप वाळलेले. मला ओळखून हसले, पण मी त्या माळेकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांनीही केशवचे तेच चालले आहे, असे वाटून मला मामांचा चेहरा बघवेना.

तेवढ्यात आतून केशव आला. केस पिकलेले, हातात टॉवेल. त्याच्या गळ्यातली माळ वापरून काळी तुळतुळीत झाली होती. ती कितीतरी वर्षे उतरली नसावी, हे कोणालाही दिसले असते.

"अक्का, कधी आलात?" असे मला म्हणून तो खुर्चीकडे वळला. मामांनी चोरासारखा एक हात खिशावर ठेवला. केशवने तो हात हलकेच बाजूला केला, खिशात डोकावला, डबी तिथेच राहू दिली.

"अप्पा, आंघोळ झाली ना?"

"झाली की. मघाशी तूच घातलीस."

"मग इकडे बघा."

केशवने त्यांच्या गळ्यातली टेप काढून स्वतःच्या गळ्यात अडकवली. खिळ्यावरची माळ उतरवली. मामांनी रमेशसारखी मान खाली घातली आणि तो ती घालेपर्यंत वर केली नाही. मग केशवने टेपने त्यांच्या कमरेचे माप घेतले आणि म्हणाला, "स्वल्प बारीक झालात. पायजमा आवळून देतो."